गुडघ्यांना चिंच-मीठ

भट्टीतून आलेलं ब्राँझ घासूनपुसून साफ केलं की झगझगीत गुलाबी-पिवळं दिसतं. लोकांना वाटतो तो गंभीर तपकिरी रंग धातूचा नसतो, आमचा, म्हणजे मूर्तीवर रंग चढवणाऱ्यांचा असतो. गॅसच्या टॉर्चने मूर्तीचं अंग तापवायचं, पाण्याचा थेंब चुर्र होऊन उडाला की ताव जमला. मग फेरिक नायट्रेट या लोखंडाच्या क्षाराचं पाणी ब्रशने, पुन्हा ज्योत, पुन्हा पाणी. ताव कमी पडला तर ओघळ उठतात, जास्त झाला तर रंग विटकरी होतो. शेवटी गरम असतानाच मेण. कॅटलॉगमध्ये याची नोंद नसते, ते सोडा.

वडोदऱ्यात मनुष्याकृती ब्राँझचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाच्या सकाळी गॅलरीतून फोन आला, लगेच या. उकिडव्या बसलेल्या बाईच्या मूर्तीचे दोन्ही गुडघे आणि पायाची बोटं घासलेल्या तांब्यासारखी लखलखत होती. साफसफाईच्या मावशींनी घरून चिंच-मीठ आणलं होतं. "काळं पडलेलं ना दादा, आणि पाहुणे येणार." मॅनेजर त्यांच्यावर ओरडत होता. हात लावू नका, ही पाटी इंग्रजीत. मावशींना तोंडी सांगायला मात्र कुणाला वेळ झाला नव्हता. इंग्रज शिल्पकार डरवेंट वूडने केलेला सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा १९०७ पासून गावात उभा आहे, त्याला आपण सगळे काळा घोडाच म्हणतो. तो काळा चालतो!

आत टॉर्च लावायला मनाई. तरी मला धास्ती रंगाची नव्हती, मिठाची होती. मिठातलं क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत राहिलं आणि दमट हवा लागली की फिकट हिरवी भुकटी फुटते, आणि ती धातू खात जाते. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मागवले आणि मऊ ब्रशने बोटांच्या बेचक्या धूत बसलो.

तेवढ्यात शिल्पकार बाई आल्या. मूर्तीभोवती फिरल्या. म्हणाल्या, "रंग नको लावूस. आधी ही नुसती बसली होती, आता उठायच्या बेतात आहे."

राग आला. पण बघितलं तर खरंच सगळा भार गुडघ्यांवर आला होता. माझ्या रंगाने तो झाकला होता का, हे अजून ठरत नाही.

मूर्ती त्याच संध्याकाळी विकली गेली, मुंबईला. तिथली हवा खारी. पावसाळ्यानंतर बेचक्या तपासा, हे घेणाऱ्याला सांगितलंत का, असं मॅनेजरला विचारलं. "विकताना असलं कुणी बोलतं का?" म्हणाला. पत्ताही देत नाही. शिल्पकार बाईंनाच फोन करावा म्हणतोय.