एका लढाईला एक तास चाळीस मिनिटं

रविवारी दुपारी आमच्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत साहसाची गोष्ट खेळायची, असा हा खेळ. पाच खेळाडू, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि शत्रूंच्या बाजूने खेळणारा, मी. आवृत्ती 2014 ची, म्हणजे पाचवी. एकदा सहा गॉब्लिन (बुटके राक्षस) आणि एका ओगरशी (धिप्पाड राक्षस) गाठ पडली, तेव्हा मी मोबाइलवर वेळ लावून ठेवली. चार राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या चार-चार पाळ्यांना, एक तास चाळीस मिनिटं! तिसऱ्या राउंडला भाचीने विचारलं, "मामा, अजून कोण कोण जिवंत आहे?" ते मला फार लागलं. ती खेळायला आली होती आणि मी तिला नुसतं बसवून ठेवलं होतं.

लढाई लवकर उरकावी म्हणून नियम बदलायला घेतले. पहिला हात इनिशिएटिव्हला, म्हणजे कोणी आधी खेळायचं त्या क्रमाला, घातला. बारा जणांचा क्रम लावत बसण्यापेक्षा याच खेळाच्या 1981 च्या बेसिक आवृत्तीतली रीत घेतली: दोन्ही बाजूंनी सहा बाजूंचा एकेक फासा टाकायचा, मोठा आकडा येईल ती बाजू आधी. मुलं लगेच आपापसात बोलायला लागली, "तू दार अडव, मी मागून जातो." पण दुसऱ्याच लढाईत गॉब्लिनांचा फासा चढला आणि आमचा विझर्ड (जादूगार) बोट हलवायच्या आत आडवा झाला. मग पहिल्या राउंडपुरता तोडगा काढला. प्रत्येकाने आपला वीस बाजूंचा फासा टाकायचा. 12 किंवा त्याहून जास्त आले तर शत्रूच्या आधी, नाहीतर नंतर. हे अजून टिकलंय.

डॅमेजचं, म्हणजे वाराने किती इजा होते त्याचं, सोपं होतं. गॉब्लिनच्या वाराचं सरासरी डॅमेज पुस्तकात 5 असं छापलेलंच असतं, फासे पुढे कंसात. मी उगाच दर वेळी फासे टाकत होतो.

चूक झाली ती पुढे. काही नव्या खेळांत वार लागला की नाही हे बघतच नाहीत, थेट डॅमेज. मीही तसं करून पाहिलं. लढाई झटपट उरकली, पण आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणारा मित्र गप्प झाला. त्याने 1500 सोन्याची नाणी साठवून प्लेट आर्मर (पोलादी चिलखत) घेतलं होतं. आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, 18. गॉब्लिनला हक्काचे 4 मिळतात, म्हणजे त्याला वीस बाजूंच्या फाशावर 14 किंवा वर लागतात. शंभरात 35 वार लागणार. माझ्या नियमाने सगळेच लागायला लागले. त्याची बाजू बरोबर होती. फासा परत आणला. फक्त वाराचा आणि डॅमेजचा एकदमच टाकायचा असं ठरवलं.

सगळ्यात जास्त फरक मात्र पडला तो मोरालने, म्हणजे शत्रूचा धीर टिकतो की सुटतो हे फाशांवर बघण्याने. हीही बेसिकमधलीच गोष्ट. पहिला गडी पडला की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, निम्मे पडले की पुन्हा. गॉब्लिनचं मोराल 7. बेरीज त्याच्या वर गेली की धूम ठोकतात. आधी माझे गॉब्लिन शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत, म्हणजे जीव जाईपर्यंत, लढायचे. कशासाठी, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या रविवारी दोन गॉब्लिन पडले, फाशांवर 9 आले. तिघे पळाले, एक कोपऱ्यात सापडला आणि त्याने तलवार टाकली. लढाई पंचवीस मिनिटांत आटोपली होती. भाचीने फासा खाली ठेवला, पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "याला मारायचं नाही. मला याच्याशी बोलायचंय."