ओर्गोसोलो: आधी गायरान, मग भिंती

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या बार्बाजा डोंगराळ भागात, नुओरो शहरापासून साधारण 20 किलोमीटरवर ओर्गोसोलो आहे. पर्यटक येतात, भित्तिचित्रांचे फोटो काढतात आणि तासाभरात निघून जातात. तसं करू नका. या चित्रांचं मूळ गायरानाच्या भांडणात आहे, ते आधी समजून घ्या.

हे मेंढपाळांचं गाव. 1820 मध्ये तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या साव्हॉय घराण्यानं मोकळ्या जमिनींना कुंपण घालायची मुभा दिली. ज्यांची ऐपत होती त्यांनी दगडी गडगे घालून माळ अडवले आणि मेंढपाळावर चराईसाठी पैसे मोजायची वेळ आली. पुढे 1903 ते 1917 या काळात घराण्यांमधल्या वैरात खुनांमागून खून पडले. दरोडेखोरांचं गाव हा शिक्का बसला. पण 1969 च्या जूनमध्ये प्रातोबेल्लोच्या कुरणावर लष्करानं गोळीबाराच्या सरावाचा घाट घातला, तेव्हा बायकापोरांसकट गाव कुरणात ठाण मांडून बसलं. लष्कराला माघार घ्यावी लागली. माझ्या मते गावाच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं पान.

पहिलं चित्र त्याच वर्षी मिलानच्या ‘दिओनिसो’ नाट्यगटानं काढलं. 1975 पासून सिएनाचे शिक्षक फ्रांचेस्को देल कासिनो यांनी शाळेतल्या मुलांना हाताशी धरून भिंती रंगवल्या. जवळ जाऊन बघा: खिडकी, पन्हळ, भिंतीचा कोपरा, सगळं चित्रात सामावून घेतलंय. ऊनपावसानं रंग उडतो, काही चित्रं पुन्हा रंगवतात, काही पुसली जातात. म्हणून जुन्या फोटोवरून एखादं चित्र शोधत बसू नका.

नुओरोहून ‘आर्स्त’ या सार्डिनियाच्या सार्वजनिक बससेवेची बस आहे. रविवारी फेऱ्या कमी, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा आणि तिकीटही शक्यतो नुओरोतच काढा. स्वतःची गाडी असेल तर गावाच्या तोंडाशीच लावा. कोर्सो रेपुब्लिका हा मुख्य रस्ता अरुंद आहे आणि बहुतेक चित्रं त्यावरच आहेत. नीट वाचत गेलात तर अडीच-तीन तास लागतात. मजकूर इटालियन आणि सार्डिनियन भाषेत आहे. इटालियन फोनवर भाषांतरित होतं, सार्डिनियनचा मात्र अनेकदा विचका होतो. तो भाग गावकऱ्यांनाच विचारा. दुपारी दुकानं बंद असतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचा.

15 ऑगस्टला मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाची मिरवणूक असते, जमलं तर जरूर जा. बायकांच्या डोक्यावर ‘लिओन्झू’ दिसेल: केशरात रंगवलेल्या रेशमाचा पिवळा रुमाल. यासाठी रेशीमकिडेही गावातच पाळले जातात. फोटो काढण्याआधी परवानगी विचारा.