पुन्हा मांड ठोकताना

आमची कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, घोडी चार वर्षांची आहे. तल्लख, कान सतत फिरते, आणि बुजायला तिला काहीही पुरतं. तिनं मला पाडलं तेव्हा रिंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्री फडफडली होती. ती एका उडीत बाजूला झाली आणि मी खांद्यावर आदळले. हाड सांधलं, डॉक्टरांनी स्वारीला परवानगी दिली, तरी रिकिबीत पाय घालायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. तरणे घोडे फेरणं, म्हणजे त्यांना स्वारीसाठी तयार करणं, हेच माझं काम, त्यामुळे हे बोलायचीही चोरी.

मग काही काळ चढणं बंद ठेवलं. तिचा खरारा मीच करायचे, लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरवायचे, हलक्या दाबानं एकेक पाऊल मागे घ्यायला शिकवायचे. तिनं ऐकलं की त्याच क्षणी दाब सोडायचा. घोडा शिकतो तो त्या सुटकेमुळे, दाबामुळे नव्हे. बुजण्याला लोक खोड म्हणतात, ते मला मान्य नाही. ज्या प्राण्याला कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा सोडली तर जवळजवळ चहूकडचं दिसतं, आणि पळणं हाच ज्याचा बचाव, तो हललेल्या प्रत्येक वस्तूची दखल घेणारच.

त्या सकाळी वारा होता. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दारकाका म्हणाले, "ताई, आज राहू द्या." पण शांत हवेत चढून माझ्या मनाची खात्री पटली नसती. आधी तिला दोरीवर फिरवलं. मान खाली आली, नाकपुड्या फुरफुरल्या, मग चढले.

पहिल्या फेरीलाच ती ताठरली. माझे गुडघे आवळलेले होते, श्वास छातीत अडकला होता. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला आठवला. घोड्यांना नेणाऱ्यांना आणि स्वारांना चौथ्या खेपेआधी सांगितलं गेलं, की आता जाताना शेजारी छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. म्हणजे माझी धास्ती घोडीपर्यंत पोचत होती. तिला अजून ताडपत्रीनं काही केलंही नव्हतं!

काका कुंपणापाशी आले. "मोठ्यानं पावलं मोजा, ताई." कदम चालीत घोड्याची चार पावलं चार ठोक्यांत पडतात. एक, दोन, तीन, चार असं मोजू लागले. बोलायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो. हळूहळू कंबर तिच्या चालीबरोबर हलायला लागली आणि गुडघे आपोआप सैल पडले. तिचा एक कान माझ्याकडे वळला.

कोपऱ्यात ताडपत्री फडफडलीच. घोडीनं मान वर केली, पाठ आत ओढली. अशा वेळी आपलं अंग पुढे वाकतं, टाचा आवळल्या जातात, आणि घोड्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच: पळ. मी मागे रेलून बसले, टाचा खाली दाबल्या, आतल्या बाजूचा लगाम हळूच मानेपासून बाजूला नेला आणि तिला लहान वर्तुळात वळवलं. अंग वळलेल्या घोड्याला सरळ सुसाट सुटता येत नाही. दीड वळण झालं आणि ती थांबली. मी तिच्या मानेवर हात फिरवला. तिनं दीर्घ उसासा टाकला, आणि खरं सांगते, मीही टाकला.

पुन्हा त्याच कोपऱ्यातून नेली. कान टवकारले, पण पाय चुकला नाही. मग थोडी दुडकी घेतली, तीही मोकळी. तेवढ्यावरच उतरले. या वयात घोड्याच्या पाठीची हाडं पुरती पक्की झालेली नसतात, त्यामुळे रपेट छोटीच बरी. आणि तिचं मन शांत असताना उतरणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

खोगीर काढताना माझे हात थरथरत होते. भीती गेलेली नाही, पण आज ती असतानाही मांड सुटली नाही. उद्या ताडपत्री कुंपणावरून काढून जमिनीवर पसरणार आहोत. आधी मी लगाम धरून शेजारून चालेन, आणि तिनं त्यावर पाय ठेवला की मगच चढेन.