मिरगाच्या आधी : करवंदं, वाकळ आणि जावळीतलं आजोळ

मे महिन्यात साताऱ्याला चाललेय म्हटलं की ऑफिसात एकच प्रश्न येतो, कास का महाबळेश्वर? आता कासची फुलं पावसाळ्यात येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात, मेमध्ये तिथं नुसता जांभा तापत पडलेला असतो, हे दरवर्षी सांगून थकले मी. आणि मेमधल्या महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये जायची आपली तयारी नाही. मी जाते ते या दोन्हींच्या मधल्या खोऱ्यात, मेढ्याच्या पुढं आणि केळघर घाटाच्या अलीकडं, तिथं माझं आजोळ आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण करवंदांच्या चांगल्या जाळ्या कुठं आहेत हे तिकडं सख्ख्या जावेलापण सांगत नाहीत.

स्वारगेटवरून एसटी, खंबाटकी घाट, सातारा स्टँड, तिथून मेढ्याची गाडी. स्टँडपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, उकडत होतं आणि मुलगी झोपली होती. पुढं कण्हेर धरणाचं पाणी दिसायला लागलं की मात्र मी खिडकीला चिकटते. मेमध्ये पाणी खूप खाली गेलेलं असतं, काठाच्या मातीवर उतरत्या पातळीच्या रेघा उठलेल्या असतात. ही वेण्णा महाबळेश्वरावरून उतरते, मेढ्यावरून येऊन या धरणात थांबते आणि साताऱ्याच्या पलीकडं संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. आमच्या गावापाशी ती मे महिन्यात एवढीशी उरते की पोरं चपला हातात न घेताच पलीकडं जातात.

गावात पोचलो तर निम्मी मुंबई आलेली. जावळीतली कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीत आहेत, एरवी गावात म्हातारी माणसं आणि कुलपं, पण यात्रा आणि सुट्ट्या आल्या की प्रत्येक अंगणात गाडी आणि प्रत्येक ओट्यावर कुणीतरी फोनची रेंज शोधत उभं. आज्जीनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं वाक्य काय तर, "बरं झालं आलीस, वाकळंला एक हात कमी पडत हुता."

म्हणजे बघा, मी सुट्टीला गेलेले आणि तिथं गोधडी शिवायची माझी ड्यूटी आधीच लागलेली.

आम्हाला उन्हाळा म्हणजे आराम वाटतो पण या खोऱ्यात मे महिना म्हणजे मिरगाच्या आधीची धावपळ. मृग लागतो ७-८ जूनला, त्यानंतर पाऊस जो धरतो तो चार महिने. वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि याच सातारा जिल्ह्यात तिकडं माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. तिकडची माणसं पावसाची वाट बघतात आणि इकडची पावसाच्या आधी लाकडं आत घेतात, कुरडया डब्यात भरतात, अंथरुणं-पांघरुणं धुतात, फाटलेलं शिवतात. करवंदंसुद्धा मिरगाआधीच खायची. एखाद्या वळवाचा शिडकावा चालतो, पण पाऊस लागून राहिला की आत किडे होतात.

सकाळी उन्हाच्या आधी निघालो, मामी, शेजारची मावशी, मुंबईची तीन पोरं, माझी लेक आणि मी. मामीच्या हातात कडीचा डबा आणि कमरेला कोयती. मोठ्यानं बोलत चालायचं ही पहिली सूचना. या बाजूला पुढं कोयनेचं जंगल आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलेलं, आणि गवे तर गावाच्या रानापर्यंत येतात. अस्वलालाही करवंदं आवडतात हे मामीनं पोरांना असं काही रंगवून सांगितलं की त्यातला एक जण परत जाऊया म्हणायला लागला.

करवंदं काढायची एक रीत असते. आमच्यासारखे लोक सरळ जाळीत हात घालतात आणि ओरबाडून घेतात. मामी खालून फांदीचं टोक धरून ती हळूच वर उचलते, मग काटे वर राहतात आणि पानांखाली लपलेले घोस समोर येतात. "पिकल्यालं असंल तर हात लावला की सुटतं, वढाय लागलं तर सोडून द्यायचं." दिसायला काळं पण देठाशी अजून लालसर असेल तर ते फसवं, आंबट निघणार. आणि देठातून पांढरा चीक येतो, तो ओठाला लागला की ओठ ओठाला चिकटतात, नखात जाऊन बसतो, साबणानं जात नाही, खोबरेल तेलच लागतं. म्हणून घरी आणल्यावर करवंदं मिठाच्या पाण्यात जरा वेळ टाकतात. अर्थात घरापर्यंत पोचतात ती उरलेली.

पोरांचं कोंबडा-कोंबडी सुरू झालं. न खाल्लेलं करवंद समोर धरायचं, कोंबडा का कोंबडी ते आधी सांगायचं, मग अर्धं चावून दाखवायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरट निघालं तर कोंबडी. माझी लेक सारखी हरत होती आणि हरायला तिची काही हरकत नव्हती कारण करवंद तिच्याच तोंडात जात होतं. अधेमधे तोरणं मिळाली, पांढरी, बारकी, पिठूळ गोडीची, बाजारात ती फारशी दिसतच नाहीत. एका झाडाखाली आळवं पडलेली, त्यातली मऊ झालेली मामीनं ओच्यात घेतली.

घाट चढून वर गेलं तर स्ट्रॉबेरीचं राज्य, २०१० सालचं जीआय मानांकन, चकचकीत डबे, क्रीम, सेल्फी. स्ट्रॉबेरीशी माझं भांडण नाही, तिचा सीझन हिवाळ्यात सुरू होऊन मेपर्यंत संपत आलेला असतो हा भाग वेगळा. पण ती कुणीतरी लावलेली असते, पाणी घातलेलं असतं, खाली आच्छादन अंथरलेलं असतं. करवंदीला कुणी विचारत नाही, उन्हानं सगळं करपलं की हिचीच जाळी हिरवी असते आणि नेमकी तेव्हाच ती फळते, तेही फुकट. मला कौतुक आहे ते याचं.

दुपारी वाकळ.

गोधडी म्हणा तुम्ही, आमच्याकडं वाकळ. पडवीत एक जुनं लुगडं अंथरलेलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणलेलं. त्यावर मधले थर घालायचे, म्हणजे उसवलेले परकर, मामाचं धोतर, विटलेल्या चादरी. बटणं, हूक, जाड शिवणी सगळं आधी कापून काढायचं नाहीतर रात्री टोचतं, जरीचा काठपण आत घालायचा नाही. सगळ्यात वर चांगलं लुगडं. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर जागेवर बसवायचे आणि त्यानंतर खरं काम, कडेनं सुरू करून धावदोऱ्यानं आत आत येत जायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. चार बाजूंना चौघी बसतो. आज्जीला अंगुस्तान आणून दिलं होतं मागं, ते तिनं कुठंतरी ठेवून दिलंय आणि बोटाला चिंधी गुंडाळून शिवते. मी सुईत हातभर दोरा ओवला तर लगेच, "येवढा लांब घिऊ नगं, गाठी पडत्यात, निम्मा कर."

वाकळंत बोलणं फार होतं. मान खाली आणि हात चालू असले की माणसं जे समोरासमोर बोलत नाहीत तेपण बोलतात, कुणाची जमीन, कुणाचं जमत नाहीये, कोण कुणाला दवाखान्यात बघायला गेलं नाही. आणि मधेच आज्जी कापडावर बोट ठेवून सांगणार, हे तुझ्या आईच्या डोहाळजेवणाचं.

मामीचं मत वेगळं आहे आणि मला ते पटतंही. तिची पायाची मशीन आहे, गावातले ब्लाऊज, फॉल-पिको ती करते, तिचं म्हणणं पातळ वाकळ मशीनवर एका दिवसात होते, कशाला डोळे फोडायचे. आज्जी म्हणते मशीनची शिवण धुताना तुटते, जाड थरात सुईच जात नाही. दोघींचंही खरं आहे. खरी अडचण अशी आहे की सुती लुगडी संपत आली, आता जुन्या साड्या म्हणजे सिंथेटिक, त्या शिवताना सरकतात आणि अंगावर गरम होतात, पाऊसगारठ्यात ऊब पाहिजे असते, घाम नको असतो. म्हणून आज्जीनं राहिलेली चार-दोन सुती लुगडी ट्रंकेत ठेवलीत आणि त्यातलं कुठलं कुणासाठी हे तिचं ठरलेलं आहे.

मशीनवर त्याच दुपारी दुपटी चालली होती, मामेबहिणीला जुलैत बाळ होणारे म्हणून. झबली, टोपडी, कुंची, सगळं आज्जीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या पातळांतून, कारण नवं कापड तान्ह्या अंगाला घासतं. माझ्या लेकीला मामीनं पायडल मारायला दिलं, तिचे पाय पोचेनात, म्हणून खाली बसून दोन्ही हातांनी दाबत होती आणि सुई थांबली की वरून ओरडा.

जुन्या वाकळा घेऊन नदीवर गेलो तो दिवस सगळ्यात दमवणारा. ओली वाकळ एकटीला उचलतच नाही, दोघी दोन टोकांना धरून पीळ घालतात. धोपाटण्यानं बडवायची, खडकावर पसरायची, संध्याकाळपर्यंत कडकडीत. पावसाळ्यात साधा टॉवेल वाळत नाही तिथं, त्यामुळं हे धुणं वर्षातनं एकदा आणि आत्ताच.

निघताना कच्च्या करवंदांचं लोणचं मिळालं, लसूण-मिरची घालून ठेचलेली चटणीपण. वाकळ पुरी झाली नव्हती, माझी बाजू मामी पुरी करणार आहे आणि माझे टाके उसवून करणार आहे असं माझ्या तोंडावर सांगितलं. दुपटी मुंबईच्या गाडीनं बहिणीकडं गेली.

जांभळं तेवढी राहिली. ओढ्याकाठच्या झाडावर अजून हिरवी होती, पिकणार जूनमध्ये, बरोबर शाळा उघडताना. ज्यानं कुणी हे सुट्ट्यांचं वेळापत्रक ठरवलं त्यानं झाडाखाली उभं राहून जांभळं कधी खाल्लेली नसणार.