तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं वाढली म्हणून पाणी संपलं का?

भूजलात काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एवढी लोकसंख्या! पाणी पुरणार कुठून?’ विचारणाऱ्याला बहुधा होकार हवा असतो. पण आकडे तसं सांगत नाहीत. १९९२-९३ च्या आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे पोरं कमी होत गेली आणि मराठवाड्यात बोअर खोल होत गेले.

लातूरचंच बघा. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. १० वाघिणी, प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत ३.८ लाख. माणशी सव्वा लिटर आलं. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, तरी साडेसहा लिटरच. शहरी निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. ऑगस्टपर्यंतच्या सगळ्या खेपा धरून सुमारे २६ कोटी लिटर पाणी आलं.

आता ऊस. पाटपाण्यावर २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं; एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर. कामी येणारा पाऊस वजा केला तरी हेक्टरी दीड कोटी लिटर वरून द्यावं लागतं. म्हणजे एका हेक्टराला ५० वाघिणींच्या सहा गाड्या. देशभर बातम्यांत गाजलेलं ते सगळं पाणी जेमतेम १७ हेक्टर उसाचं. १३५ लिटरच्या हिशेबाने एका हेक्टराच्या पाण्यात तीनशे माणसांचं वर्ष निघतं.

‘विहिरीचं पाणी आहे, धरणाचं नाही’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. आपला खडक बेसाल्ट. मुरूम आणि मांजऱ्याच्या (सच्छिद्र बेसाल्टच्या) थरात पाणी मुरतं, पण उपशाने बाहेर येणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्केच. दोन टक्के धरले तर एक हेक्टराखालची पातळी एक मीटर उतरवून २ लाख लिटर मिळतात. दीड कोटीला ७५ मीटर! पाणी साठवणारा वरचा थर बऱ्याच ठिकाणी १५-२० मीटरचा. बाकीचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीखालून येतं. ७०० फुटांचं बोअर घेतलं तरी खाली काळ्या पाषाणात एखादी भेग लागते, दोन उन्हाळे चालते आणि मग नुसता फुफाटा.

पूर्वी मी ‘लोकसंख्या हा मुद्दाच नाही’ असं ठणकावून सांगायचो. आज तेवढं ठाम बोलवत नाही. जननदर खाली आला तरी आधी जन्मलेली पिढी संसाराला लागलेली असते, त्यामुळे आकडा आणखी काही दशकं वाढत राहतो. शहराचं पाणी बारमाही लागतं, उसासारखं एखादं साल सोडून देता येत नाही. आणि साखर खातो कोण? आपणच ना. तरी राहवत नाही म्हणून सांगतो, घरात तिसरं मूल नको म्हणणारे तिसऱ्या बोअरबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

ठिबक करा म्हणावं, तर निम्म्याच्या आसपास पाणी वाचतं. पण मोजमाप नसलं की वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागतो. शेतकऱ्याला तरी काय बोलणार? उसाला कारखाना ठरलेला, दर ठरलेला. तुरीला हमीभाव जाहीर होतो खरा, पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असतो.