उसण भरल्यावर पालथं पडायचं, पण कसं?

सकाळी बेसिनवर वाकलात आणि कमरेत उसण भरली, तर पायाचे अंगठे धरून 'ताण' द्यायचा मोह आधी आवरा. रात्रभर आडवं राहिल्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला तासभर खाली वाकलं की त्यांच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण पडतो. पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त हळू.

बसून आणि वाकून दुखणं वाढत असेल, चालल्यावर कमी होत असेल, तर पाठ मागे वाकवणारे व्यायाम करून पाहावेत. या पद्धतीला न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचं नाव आहे. १९५६ मध्ये त्यांचा एक पेशंट चुकून डोक्याकडून उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि त्याचं पायातलं दुखणं ओसरलं. तिथून सुरुवात झाली.

मऊ गादीवर नको, कंबर खचते. चटईवर पालथं पडा, मान एका कुशीला, २-३ मिनिटं. मग कोपरं खांद्यांखाली घेऊन तितकाच वेळ. हे सोसलं तरच तळवे टेकून हात सरळ करत छाती उचला, क्षणभर थांबा, खाली या. असं १० वेळा, दर २-३ तासांनी. हे भुजंगासन नव्हे. तिथे पाठीचे स्नायू काम करतात, इथे सगळा भार हातांवर. पाठ आणि नितंब सैल हवेत. नितंब आवळलेले राहिले की कंबर वाकतच नाही आणि माणूस म्हणतो, 'केलं, पण फरक नाही.' वर पोचल्यावर श्वास सोडला की पोट आपोआप खाली लोंबतं.

आता खरी खूण. पोटरीतलं दुखणं मांडीत, मांडीतलं कमरेत सरकलं, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी दिशा बरोबर आहे. उलट ते गुडघ्याखाली उतरू लागलं, मुंग्या वाढल्या, तर तिथेच थांबा. साठीनंतर चालताना पाय भरून येत असतील आणि बसल्यावर मोकळं वाटत असेल, तर मणक्यांतली, नसा जातात ती नळी अरुंद झाल्याची शक्यता असते. अशा माणसांना हा व्यायाम बहुधा बाधतो. उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं मानवतं.

लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्यानं जाऊ लागली, तर व्यायाम नाही, शेक नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

उसण असताना दिवसभर अंथरूण धरू नका. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं घरातल्या घरात चाला. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक.

कळ ओसरली की वाकणं नव्यानं शिकावं लागतं. झाडूचा दांडा पाठीला उभा लावा: डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही टेकलेले. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे ढकलत वाका. डोकं सुटलं तर नजर पायांकडे गेली आहे. माकडहाड सुटलं तर खुब्यातून न वाकता कमरेतून वाकलात. बादली उचलायला अजून आठवडा थांबा.