काळ्या कव्हरवरची पांढरी रेघ

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) या अल्बमचं कव्हर पुढून बघून सोडू नका, पूर्ण उघडा. पुढे काळ्यावर प्रकाशाची पांढरी रेघ प्रिझममध्ये (त्रिकोणी काचेत) शिरते आणि रंगपट्टे होऊन बाहेर पडते. हिप्नोसिस या डिझाइन स्टुडिओच्या कल्पनेवरून जॉर्ज हार्डी यांनी रेखाटलेले हे पट्टे आतल्या पानांवरून सलग धावतात, तिथे त्यातला हिरवा पट्टा हृदयाच्या ठोक्यांचा आलेख होतो, आणि पट्टे मागच्या उलट्या प्रिझमला जाऊन भिडतात. पट्टे सहाच. ‘तानापिहिनिपाजा’तला पारवा गाळलाय, आणि ते योग्यच, लांबून तो निळ्या-जांभळ्यात हरवला असता.

असं कव्हर छापताना घात होतो तो पांढऱ्या रेघेचा. ती म्हणजे कोरा कागद. नुसती काळी शाई करडी दिसते, म्हणून खाली निळ्या शाईचा थर देतात. छपाईची प्लेट केसभर सरकली की रेघेची कड निळी होते. त्यासाठी रेघेभोवती निळा थर किंचित मागे घ्यावा लागतो.